पाय बांधावा की मोकळा ठेवावा? मराठवाड्याच्या रस्त्यांवर वापरलेल्या पायडलांविषयी

गेल्या सात वर्षांत माझ्या सायकलीवर पाच प्रकारची पायडले बसली. त्यांतील दोन जोड्या आजही वापरात आहेत, बाकीच्या तीन एकेक करून दुसऱ्यांकडे गेल्या. त्यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले याचे कारण असे, की आमच्या छत्रपती संभाजीनगरात नवी सायकल घेतलेली माणसे दोन-तीन महिन्यांतच ‘आता क्लीटचे, म्हणजे पायडलात अडकणारे, बूट घेऊ का?’ असे विचारू लागतात, आणि त्यांना मिळणारे उत्तर बहुधा परदेशी चित्रफितींवर बेतलेले असते. त्या उत्तरात आपल्याकडचे ऊन, आपली रहदारी आणि मुख्य म्हणजे आपली काळी माती धरलेली नसते.

माझे सायकल चालवणे दोन तऱ्हांचे आहे. सोमवार ते शनिवार सिडकोतील घरापासून क्रांती चौकाजवळच्या कार्यालयापर्यंत जालना रोडने जाणे-येणे असते, आणि त्यात सेव्हन हिल्स, आकाशवाणी, मोंढा नाका असे करत दर काही मिनिटांनी पाय खाली टेकवावाच लागतो. रविवारी पहाटे मात्र मी वेरूळकडे किंवा पैठणकडे निघते, आणि एकदा शहर सुटले की तासभर पाय पायडलावरून हलवण्याचे कारण पडत नाही. वर्षातून एकदा २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करते, जी साडेतेरा तासांच्या आत पूर्ण करावी लागते. पायडल निवडण्याचा माझा निकष या दोन तऱ्हांमधील फरकातूनच तयार झाला: तासाभरात पाय किती वेळा टेकवावा लागतो, आणि टेकवल्यावर पायाखाली काय असते. वेग, वजन आणि किंमत हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

आधी नावांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण दुकानात फसगत तिथूनच सुरू होते. ज्या पायडलात बुटाचा तळ खट्कन अडकतो त्याला इंग्रजीत ‘क्लिपलेस’ म्हणतात, आणि नवख्या माणसाचा स्वाभाविकपणे असा समज होतो की हे न अडकणारे पायडल असावे. यातील ‘क्लिप’ म्हणजे पूर्वी पायाच्या बोटांपुढे असायची ती पोलादी जाळी. ती जाऊन तिच्या जागी बुटाच्या तळाला बसणारी क्लीट आली, म्हणून हे पायडल क्लिप नसलेले. फ्रान्समधील लूक ही स्कीच्या बांधण्या बनवणारी कंपनी. बर्फावर पडताना पाय मोडू नये यासाठी बूट पिळताच सुटला पाहिजे, हे तिच्या कामाचे मूळ तत्त्व होते. तेच तत्त्व तिने १९८४ मध्ये सायकलच्या पायडलात आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो या फ्रेंच सायकलपटूने ती पायडले वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. ही तीन बोल्टांची, मोठ्या प्लास्टिक क्लीटची जात. त्यानंतर १९९० मध्ये शिमानो या जपानी कंपनीने एसपीडी नावाचे पायडल आणले. त्यातील क्लीट लहान, धातूची, दोन बोल्टांची असते आणि बुटाच्या तळातील खोबणीत दडलेली राहते, त्यामुळे उतरून चालता येते. आज आपल्या दुकानांत मुख्यतः याच दोन जाती मिळतात आणि एकीची क्लीट दुसरीत बसत नाही. म्हणून बूट घेण्यापूर्वी तळ उलटा करून छिद्रे दोन बोल्टांची आहेत की तीन बोल्टांची हे स्वतः पाहावे.

माझी पहिली जोडी रुंद सपाट पायडलांची होती, नायलॉनच्या अंगाची आणि दोन्ही बाजूंना लहान लोखंडी पिना असलेली. आपल्याकडच्या २२ इंची काळ्या सायकलींना आणि मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळणाऱ्या सायकलींना रबरी ठोकळ्यांची पायडले असतात. चपलेसाठी आणि अनवाणी पायासाठी ती योग्यच आहेत, ती बदलण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. गिअरच्या सायकलीवर वेगाने पाय फिरू लागला, की ओल्या रबरावरून बूट निसटतो, आणि तिथे पिनांचा उपयोग कळतो. पिना बुटाच्या रबरी तळात रुततात आणि पाय उचलल्याशिवाय तो पुढे-मागे सरकत नाही. यासाठी बुटाचा तळ सपाट आणि मऊ रबराचा हवा. धावण्याच्या बुटांचा जाड, फुगीर तळ पायडलावर डोलतो आणि पिनांना धरू देत नाही. चपलेचा तळ पिना महिन्याभरात कुरतडून टाकतात. याच पिना पाय चुकला तर नडगी सोलतात. माझ्या डाव्या नडगीवर एका ओळीत तीन पांढरे व्रण आहेत, आणि ते पडले त्या दिवशी मी घरातल्या सपाता घालून फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत निघाले होते.

या पायडलांवर मी दोन वर्षे काढली आणि आजही मला वाटते की नव्या माणसाने निदान पहिले वर्ष यांच्यावरच काढावे. याविरुद्ध नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो. पाय बांधलेला असला की खाली दाबताना आणि वर ओढतानाही ताकद लावता येते, त्यामुळे वेग वाढतो, असे लोक खात्रीने सांगतात. प्रयोगशाळेत सायकलपटूंवर झालेल्या मोजमापांत मात्र याच्या उलट दिसले आहे. मुद्दाम पाय वर ओढत सायकल चालवली तर तेवढ्याच कामाला शरीर अधिक ऑक्सिजन खर्च करते. सायकल पुढे जाते ती जवळजवळ सगळी खाली दाबण्याच्या जोरावर. मागून वर येणारा पाय स्वतःचे वजन उचलून दुसऱ्या पायावरचा भार कमी करतो, एवढेच त्याचे काम. त्यामुळे केवळ ‘जास्त ताकद’ मिळेल या आशेने बुटांवर पैसे घालणाऱ्यांची निराशा होणार हे निश्चित.

मग बांधण्याचा फायदा काय? माझ्या अनुभवाने त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: जागा. पाय प्रत्येक फेऱ्यात पायडलाच्या त्याच बिंदूवर राहतो. सपाट पायडलांवर केलेल्या माझ्या पहिल्या ब्रेव्हेत साधारण १५० किलोमीटरनंतर थकलेला उजवा पाय नकळत पुढे सरकत राहिला, चवड्याऐवजी पायाचा मधला भाग पायडलावर आला, आणि दर काही मिनिटांनी तो उचलून मागे घ्यावा लागू लागला. त्यातच रस्ता खड्ड्यांचा असेल तर पाय उडतो, आणि उडालेला पाय पुन्हा पायडलावर येईपर्यंतचा क्षण उतारावर धोक्याचा असतो. घाटात उभे राहून चढताना, किंवा पाय मिनिटाला नव्वद-शंभर फेरे घेत असताना, जागा कायम राहण्याचे सुख मोठे आहे. मला पाय बांधण्याकडे वळवले ते या कारणाने.

मधल्या काळात सहा महिने मी टो क्लिप, म्हणजे वर सांगितलेली बोटांपुढची जाळी, आणि पट्टा वापरून पाहिला. ते साधन स्वस्त आहे, कोणताही बूट चालतो, आणि पट्टा सैल ठेवला तर पाय सरळ मागे ओढून काढता येतो. पण पट्टा सैल ठेवला की पाय फारसा धरलाच जात नाही, आणि आवळला तर थांबण्याआधी हात खाली नेऊन तो सोडवावा लागतो. जालना रोडवर मागे रिक्षा आणि पुढे सिटी बस असताना हँडलवरून हात काढण्याची कल्पनाही करू नये. शिवाय क्लिप वजनाने खाली लटकते, पायडल उलटे राहते, आणि सिग्नल सुटल्यावर बुटाच्या टोकाने ते उलथवून आत पाय घालेपर्यंत क्लिप डांबरावर घासत जाते. ज्यांना जुन्या पद्धतीच्या सायकलींची आवड आहे त्यांनी ती जरूर लावावी, रोजच्या रहदारीसाठी मी ती सुचवणार नाही.

एसपीडीची पहिली जोडी मी शिमानोच्या पीडी-एम५२० या पायडलांची घेतली. जोडीचे वजन ३८० ग्रॅम, दोन्ही बाजूंनी अडकता येते, आणि दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरवायचा एक स्क्रू असतो, ज्याने स्प्रिंगची पकड घट्ट-सैल होते. घरी आणल्यावर पहिले काम हा स्क्रू सगळा सैल करण्याचे. दुसरी गोष्ट क्लीटची. शिमानोच्या या क्लीट दोन प्रकारच्या मिळतात. काळ्या रंगाची एसएच५१ केवळ टाच बाजूला वळवली तरच सुटते, आणि चंदेरी रंगाची एसएच५६ पाय तिरका वर ओढला तरीही सुटते. पायडलांच्या डब्यात बहुतेक वेळा काळी येते. नवख्या माणसाने चंदेरी वेगळी मागून घ्यावी, कारण घाबरलेला माणूस टाच वळवत नाही, तो पाय वर खेचतो. ही एक ओळ मला कोणी आधी सांगितली असती तर माझा कोपर फुटला नसता.

तो प्रसंग असा. बूट घेऊन आठवडाही झाला नव्हता. मी पाहिलेल्या शिकवणीत उजवा पाय आधी सोडावा असे सांगितले होते, आणि मी अंगणात भिंतीला धरून तसाच सराव केला होता. आकाशवाणीच्या सिग्नलला थांबताना उजवा पाय व्यवस्थित सुटला, पण रस्त्याचा उतार कडेच्या बाजूला, म्हणजे डावीकडे होता. सायकल डावीकडे कलली, डावा पाय अडकलेला होता, आणि तो वर खेचत मी उभ्याची आडवी झाले. दुभाजकाला खेटून थांबले असते तर चित्र वेगळे झाले असते, हे नंतर कितीतरी दिवस मनात येत राहिले. ज्या देशांत वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात, तिथे उजवा पाय कडेच्या बाजूला येतो आणि ती शिकवण तिथे बरोबरच आहे. आपण डावीकडून चालतो, आपल्या रस्त्याचा पाण्याचा उतारही डावीकडे असतो, आणि वाहने उजव्या हाताने जातात. म्हणून आपण नेहमी डावा पाय सोडावा, तो थांबण्याच्या दहा-पंधरा मीटर आधीच सोडावा, आणि अंग किंचित डावीकडे झुकवून मगच ब्रेक पूर्ण दाबावा. ही सवय लागायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर आजवर मी पाय अडकून पडलेले नाही.

एकदा सवय झाल्यावर या पायडलांनी जे दिले ते मी मनापासून मान्य करते. दौलताबादच्या अरुंद दिल्ली गेटमधून बाहेर पडले, की पुढे खुलताबादचा घाट लागतो. त्या चढावर उभे राहून पाय मारताना बूट आणि पायडल एकच वस्तू असल्यासारखे वाटते. क्लीटला साधारण ४ अंशांची मोकळीक असल्याने गुडघा स्वतःला हवा तसा किंचित फिरतो. वेरूळला पोहोचल्यावर त्याच बुटांनी चालत चहा घेता येतो. फरशीवर क्लीटचा टकटक आवाज येतो, पण तळाचे रबर जमिनीला लागत असल्याने पाय घसरत नाही.

आता काळ्या मातीविषयी, कारण या लिखाणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. जुलैतील एका रविवारी आम्ही चौघे फुलंब्रीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून एका पाणंद रस्त्याला लागलो. रात्री पाऊस झालेला होता. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि चिकट होते हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ती भरली, चाक फिरेनासे झाले, आणि आम्ही उतरून सायकली ढकलू लागलो. दोनशे पावले चाललो असू. पुन्हा सायकलीवर बसले तेव्हा क्लीट पायडलात जाईना. बूट उलटा करून पाहिला तर तळाची खोबणी गायब होती. तिच्या जागी टाचेपासून चवड्यापर्यंत एकसंध काळा थर होता, त्यात गवताच्या काड्या आणि एक चपटी गारगोटी रुतलेली होती, आणि क्लीट कुठे आहे हे बोटाने चाचपूनही कळत नव्हते. टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीने मी ती माती कोरू लागले. वरचा थर निघाला, पण क्लीटच्या पुढच्या नाकाखाली आणि बोल्टांच्या डोक्यांत बसलेली माती तशीच राहिली. पिण्याचे अर्धे पाणी त्यावर ओतल्यावर पाय एकदाचा अडकला, पण अर्धवट. अर्धवट अडकणे हे न अडकण्यापेक्षा वाईट, कारण मातीने दाबलेली स्प्रिंग सहज सुटतही नाही. डांबरी रस्ता येईपर्यंत मी दोन्ही पाय मोकळे ठेवून, पायडलाच्या लहानशा गोलाईवर बूट कसाबसा टेकवत आले. घरी पोहोचेपर्यंत ती माती वाळून इतकी घट्ट झाली होती, की बूट रात्रभर बादलीत भिजत ठेवावे लागले, आणि बोल्टांतील माती दुसऱ्या दिवशी टाचणीने उकरून काढली.

त्या दिवशी आमच्यातील एकाकडे क्रँकब्रदर्सची एगबीटर पायडले होती. अंडी फेटण्याच्या यंत्रासारखा त्यांचा आकार चहूबाजूंनी उघडा असतो आणि चारही बाजूंनी क्लीट अडकते, त्यामुळे पायडलात माती साठायला जागाच नसते. त्याचा पाय आमच्या आधी अडकला, हे मी पाहिले. पण बुटाच्या तळातील माती त्यालाही कोरावीच लागली, आणि पितळेची ती क्लीट लवकर झिजते, असे तो सांगतो. त्या पायडलांना पकड कमी-जास्त करण्याचा स्क्रूही नसतो. शेतरस्त्यांवर नियमित जाणाऱ्याने त्यांचा विचार करावा. मी मात्र त्या जुलैनंतर एक साधा नियम केला: पहिला मोठा पाऊस पडल्यापासून दिवाळीपर्यंत, डांबर सोडायचे असेल तर सपाट पायडले. त्यांच्या पिनांमध्येही माती भरते, पण बूट दोनदा आपटला की ती झडते आणि पुढचे काम सुरू होते.

तीन बोल्टांच्या पायडलांवर मी एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढला. मोठ्या, रुंद क्लीटमुळे दाब पायाच्या रुंद भागावर पसरतो, कडक तळाचा बूट वाकत नाही, आणि पैठणच्या सपाट रस्त्यावर पहाटेच्या थंडीत त्यांच्यावर सायकल चालवणे हा माझ्या या सात वर्षांतील सर्वांत सुंदर अनुभव होता. तरीही ती जोडी मी ठेवली नाही. ही क्लीट बुटाच्या तळाच्या बाहेर येते, त्यामुळे चालताना टाच खाली आणि चवडा वर, असे चालावे लागते. एका ढाब्यावर हात धुण्याच्या जागेजवळच्या ओल्या शहाबादी फरशीवर माझा पाय असा सरकला, की शेजारच्या टेबलाचा आधार मिळाला म्हणून मी वाचले. पैठणला गोदावरीच्या घाटाच्या दगडी पायऱ्या उतरायच्या तर बूट हातात घेऊन अनवाणीच जावे लागते. प्लास्टिकची क्लीट प्रत्येक पावलाला झिजते, आणि शहरातील सिग्नलांवर रोज पाय टेकवला तर एक जोडी वर्षभरही पुरत नाही. नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणचा रस्ता दिंड्यांनी भरलेला असतो, पावलोपावली थांबावे लागते, वारकऱ्यांना वाट द्यावी लागते, आणि ती द्यायलाच हवी. अशा रस्त्यावर हे बूट घालून जाणे मला योग्य वाटत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणि घरातून निघून न थांबता घरी परतणाऱ्यांनी ही पायडले घ्यावीत, इतरांनी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घेणारच असाल तर रंगांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण त्यात गुडघ्याचा प्रश्न आहे. शिमानोच्या तीन बोल्टांच्या, एसपीडी-एसएल नावाच्या क्लीटमध्ये पिवळीला ६ अंशांची मोकळीक असते, निळीला २ अंशांची, आणि लाल पूर्ण स्थिर असते. लूकच्या तीन बोल्टांच्या केओ क्लीटमध्ये मात्र लाल सर्वांत मोकळी, ९ अंशांची, करडी साडेचार अंशांची आणि काळी स्थिर. एकाच लाल रंगाचा दोन ठिकाणी उलटा अर्थ आहे. ओळखीच्या एका सायकलस्वाराने मित्राच्या ‘लाल घे, मोकळी असते’ या सल्ल्यावर दुसऱ्या कंपनीची लाल क्लीट घेतली आणि पंधरा दिवसांत गुडघ्याची आतली बाजू धरून बसला.

गुडघेदुखीचा दोष पुष्कळदा पायडलाला दिला जातो, तो बहुतेक वेळा क्लीट चुकीच्या जागी बसवल्याचा असतो. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी पायाला दोन हाडे बाहेर आलेली जाणवतात. बूट घालून, बाहेरून बोटाने ती चाचपावीत आणि बुटावर खडूने खुणा कराव्यात. पायडलाचा आस या दोन खुणांच्या मध्ये येईल अशी क्लीट बसवावी. लांब अंतरासाठी मी ती तिथून आणखी थोडी मागे घेते, कारण त्याने पोटरीवरचा ताण कमी होतो. आपण सहज उभे राहतो तेव्हा पाऊल जेवढे बाहेर वळलेले असते, तेवढाच कोन क्लीटला द्यावा, पाऊल सरळ करण्याचा हट्ट धरू नये. बूट बदलल्यावर तळाची जाडी बदलते, म्हणून सीटची उंचीही पुन्हा तपासावी लागते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा इथेच घेते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, डांबर तापते आणि तीन-चार तासांत पाय सुजतो. सकाळी नीट बसणारा बूट अकरा वाजता चावू लागतो, चवड्याखाली आग होते. सपाट पायडलांवर पाय थोडा हलवून हा दाब दुसरीकडे नेता येतो, बांधलेल्या पायाला ती सोय नाही. म्हणून क्लीटचे बूट दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावेत, बोटांपुढे अर्ध्या बोटाची जागा ठेवावी, आणि रंग काळा टाळावा. स्त्रियांसाठी आणखी एक अडचण आहे. माझ्या ३८ क्रमांकाचा बूट शहरातील दुकानांत सहसा नसतो, आणि पुरुषांचा लहान बूट लांबीला बरोबर आला तरी टाचेला सैल राहतो. टाच सैल असेल तर ती वळवल्यावर बूट वळत नाही, आणि पाय सुटण्यास उशीर होतो. तेव्हा मागवून घ्यावा लागला तरी चालेल, पण टाच घट्ट बसणारा बूट घ्यावा. पायडलापेक्षा बुटावर अधिक खर्च होणार, हे आधीच धरून चालावे.

शेवटी ज्या जोडीवर माझे रोजचे चालणे स्थिरावले ती एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने एसपीडी अशी आहे, शिमानोची पीडी-ईएच५००. आठवड्यात साधे बूट घालून सपाट बाजू, रविवारी क्लीटचे बूट घालून दुसरी बाजू. घाटातून उतरून शहरात शिरले की क्लीटचे बूट असूनही मी सपाट बाजूवर पाय ठेवते आणि सिग्नलांची काळजी मिटते. हिची उणीव एकच, ती म्हणजे हवी ती बाजू पायाखाली येण्यासाठी सुरुवातीचे काही महिने खाली पाहावे लागते. आता पायाच्या चवड्यालाच ते कळते. सपाट बाजूच्या पिना लहान आहेत, त्यामुळे चिखलाच्या दिवसांत त्यांची पकड माझ्या जुन्या रुंद पायडलांइतकी नाही. म्हणूनच ती जुनी जोडी मी दिली नाही, दर जूनमध्ये ती पुन्हा सायकलीवर चढते.

पायडल बदलण्याचे काम स्वतः करावे, निदान समोर उभे राहून करून घ्यावे. शहरातील एका दुकानात मी सायकल ठेवून आले आणि संध्याकाळी परत नेली. दोन दिवसांनी डावे पायडल डुगडुगू लागले आणि चौथ्या दिवशी आट्यांसह बाहेर आले. डाव्या बाजूचे पायडल उजव्याच्या जागी घालण्याचा प्रयत्न आधी झाला होता, मग उरलेले जोर लावून डावीकडे ठोकले गेले, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे कापले गेले. दुकानाने हात वर केले. क्रँक नवी घ्यावी लागली, तिला पायडलांपेक्षा जास्त पैसे पडले. गुलमंडीच्या बाजूला जुन्या सायकली दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांना मी ती क्रँक दाखवली. त्यांनी पायडल हातात घेऊन आसाच्या टोकाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, यावर एल लिहिलंय बघा. डावीकडचे आटे उलटे असतात. आधी बोटानं तीन फेरे आत गेलं पाहिजे, पाना नंतर.’’ मी आजवर वाचलेल्या कोणत्याही सूचनापत्रकापेक्षा हे तीन वाक्यांतले सांगणे मला अधिक उपयोगी पडले.

पायडल फिरताना आट्यांवर जो हळूहळू सरकता दाब पडतो त्याने ते सुटू नये, म्हणून डावीकडचे आटे उलटे ठेवलेले असतात. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: पाना पायडलाच्या वर उभा धरून सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंची पायडले घट्ट होतात, आणि मागच्या चाकाकडे ढकलला की सुटतात. आट्यांना ग्रीस लावावे, नाहीतर आसाचे पोलाद आणि क्रँकचे अ‍ॅल्युमिनियम वर्षभरात एकमेकांना धरून बसतात. काही पायडलांना १५ मिलिमीटरचा पाना लागतो, काहींना आतल्या बाजूने ६ किंवा ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की. क्लीटच्या बोल्टांनाही ग्रीस लावावे आणि ते ५ ते ६ न्यूटन-मीटर इतकेच आवळावेत. बोल्ट सैल राहिला तर टाच वळते, बूट वळतो, पण क्लीट जागच्या जागी फिरते आणि पाय सुटत नाही. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी, निघण्यापूर्वी, दोन्ही बूट उलटे करून चारही बोल्टांवर की फिरवून पाहते. क्लीटभोवती पांढऱ्या मार्करने रेघ ओढून ठेवलेली आहे. क्लीट झिजून नवी बसवायची वेळ येते तेव्हा ती त्याच रेघेत ठेवायची, म्हणजे गुडघ्याला बदल झाल्याचे कळतही नाही.